डेटानं थरार मारला? कोणता डेटा, ते आधी सांगा

नागपुरातल्या सायकल आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आकडे बघत खेळणाऱ्यांनी साहसी खेळांतला थरार मारला, पूर्वी ठोके मोजणारी घड्याळं नव्हती, कोणाचं काही बिघडलं नाही, आणि नशिबातच असेल तर डेटा काय वाचवणार? खाली अंगठ्यांची रांग.

थरार मारला म्हणे. विमानातून उड्या मारणाऱ्यांकडे १९९१ पासून सायप्रेस नावाचं छोटं यंत्र आहे. जमीन साधारण २२५ मीटरवर आली आणि माणूस तरीही ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगानं पडतोय असं दिसलं, की ते राखीव पॅराशूट स्वतःच उघडतं. त्याच्या आधीच्या हजारो फुटांत ते मध्ये पडत नाही. कोलांट्या मारा, डोकं खाली करून पडा, तुमची मर्जी. मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींत, २०१८ पासून सूटमधली एअरबॅग सक्तीची आहे. शर्यती काय बैलगाडीच्या वेगानं होतात?

पूर्वी काही बिघडत नव्हतं, हे तर राजेहो, मोजलंच नाही म्हणून वाटतं. अमेरिकेत स्कायडायव्हिंगमधल्या मृत्यूंची नोंद ठेवतात. १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं जायची. २०२३ मध्ये १०, आणि तेही साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्यांत. त्याच नोंदींतून एक नकोशी गोष्टही बाहेर आली. पॅराशूट न उघडल्यानं मरणारे कमी झाले, तशी लोकं छोट्या, वेगवान पॅराशूटांकडे वळली आणि नीट उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ जोरात वळण घेताना जीव गमावू लागली. सुरक्षितता हाती आली की माणूस ती खर्च करून टाकतो. हे आकड्यांतून कळलं, म्हणून पॅराशूट हाताळायचं वेगळं प्रशिक्षण आलं. उड्या कोणी बंद केल्या नाहीत.

डेटा काय वाचवणार, या तिसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, फॉरवर्डवाल्याला वाटतं त्याहून जास्तच. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एक सायकलस्वार स्ट्राव्हावरचा (टप्प्याटप्प्याच्या वेळा नोंदवून क्रमवारी लावणारं ॲप), उतारावरचा आपला दुसऱ्यानं मोडलेला विक्रम परत मिळवायला निघाला आणि मोटार चुकवताना पडून मेला. घरच्यांनी कंपनीवर केलेला दावा पुढे फेटाळला गेला. तिथे आकडा होता, पण नको तो.

आकडा खोटाही असतो. ३० मे २०२४ ला आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. मनगटावरच्या घड्याळाचं तेच. खडबडीत वाटेवर हँडल आवळून धरलं की ते ठोके भलतेच सांगतं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा त्यापेक्षा बरा. पण नवतप्यात, मे अखेरच्या भर उन्हात, काटोल रोडला वेग तोच ठेवून चालवा आणि पट्ट्याकडे बघा. ठोके हळूहळू चढतच जातात. घामानं अंगातलं पाणी कमी होतं, त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त धावावं लागतं. पाय मात्र म्हणत असतात, अजून पाच किलोमीटर, मग तर्रीपोहे. अशा वेळी सावली बघून थांबलेल्याला भित्रा म्हणायचं तर म्हणा.

स्ट्राव्हावर धोक्याचा टप्पा तशी खूण करून कळवता येतो, मग त्याची क्रमवारी दिसत नाही. सेमिनरी हिल्सच्या उतारावरच्या वेळा ग्रुपवर टाकणं आधी थांबवा. चढाच्या टाका, तिथे हवी तेवढी चुरस करा.