दहावी आहे म्हणून तबला बंद?

जूनमध्ये शाळा उघडली की दहावीच्या घराघरात एक वाक्य ऐकू येतं, "आता वर्षभर बाकी सगळं बंद." तबला खोळ घालून कपाटावर जातो, पावसाळ्यात तिथेच त्याच्या चामड्याच्या पुडीला बुरशी धरते. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकतंय. आठवीत चार क्लास लावायचे आणि दहावीत एका दिवसात चारही तोडायचे, यात चूक एकच आहे. तासांचा हिशोब कुणी मांडलेलाच नसतो.

तो मुलाला शेजारी बसवून मांडा. आठवड्याचे तास 168. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रोजचे साडेआठ धरले तर जवळजवळ 60 गेले. शाळा, जाण्यायेण्यासकट 40. ट्यूशन, तेही येण्याजाण्यासकट, 15. जेवणखाण, आंघोळ, आवराआवर रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. घरचा अभ्यास रोज फक्त दीड तास धरला तरी साडेदहा. उरले 25. त्यातले रोजचे दोन तास मित्र, मोबाइल, पाहुणे आणि नुसतं लोळणं यात जाणारच. ते न धरता केलेलं वेळापत्रक बुधवारपर्यंतसुद्धा टिकत नाही. हातात राहिले 11 तास.

यात एक मुख्य छंद बसतो, आठवड्याला सहा तासांचा, आणि एक हलका, दोन तासांचा. उरलेले तीन तास मोकळे सोडा. ताप, लग्नकार्य, अचानक लागलेली चाचणी, काहीतरी येतंच. प्रवासही या सहा तासांतच मोजायचा. क्लास एक तासाचा आणि जायला-यायला चाळीस-चाळीस मिनिटं असतील, तर आठवड्यातून तीनदा जाण्यात सात तास संपतात. म्हणून नावाजलेल्या लांबच्या क्लासपेक्षा सायकलवर जाता येईल असा क्लास मी केव्हाही बरा म्हणेन.

मुख्य छंद कोणता, हे मुलाच्या हातांकडे बघून ओळखा. कुणी न सांगता ते कशाला हात लावतं? पहिले तीन महिने फी महिन्याची भरा. वर्षाची एकदम भरली की "पैसे भरलेत ना, मग जा" एवढं एकच कारण उरतं.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी छंद निवडू नका. गुण मिळतात हे खरं, खेळाचे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याचे. पण थोड्या गुणांसाठी तीन वर्षं नको असलेलं शिकणं ही मुलाला शिक्षाच आहे. मूल आवडीने शिकत असेल तर मात्र ते गुण सोडू नका. प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, आणि नियम शासन निर्णयाने बदलतात, त्यामुळे जूनमध्येच शाळेत विचारून प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स देऊन ठेवा. चित्रकलेची एलिमेंटरी आठवीत आणि इंटरमिजिएट नववीत उरकली की दहावीत त्याचं ओझं राहत नाही.

आता कॅलेंडर. ऑगस्टमध्ये घटक चाचणी, दिवाळीआधी सत्र परीक्षा. नेमक्या त्याच सुमारास शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्याला जातात. पुण्यात ढोल पथकांचा सराव गणपतीच्या दोन महिने आधीच सुरू झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर परीक्षा लाल पेनाने आणि स्पर्धा निळ्या पेनाने लिहा. एकाच आठवड्यात दोन्ही रंग आले, की त्या आठवड्यात एक गोष्ट सोडायची. कोणती, हे तेव्हाच ठरवा आणि क्लासच्या सरांना जूनमध्येच सांगा. ऐन वेळी दांडी मारली की सरही दुखावतात आणि मूलही अवघडतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीताची परीक्षा नववीत द्यायची तर एप्रिल-मेचं सत्र घ्या, वार्षिक परीक्षा झालेली असते. त्यातल्या मध्यमा या पातळीला लेखी पेपरही असतो, तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या गर्दीत नको.

दहावीत मात्र तबल्याची परीक्षा नाही, स्पर्धा नाही, फक्त रियाज. तोही वीस मिनिटं. पाच मिनिटं तीनतालाचा, म्हणजे सोळा मात्रांच्या तालाचा, ठेका ठाय म्हणजे संथ लयीत. दहा मिनिटं एकच कायदा (बोलांची ठरलेली रचना), त्याचे चार पलटे म्हणजे फेरफार, आधी ठाय, मग दुगुन म्हणजे दुप्पट लयीत. शेवटची पाच मिनिटं फक्त तिरकिट हा जलद बोल. आठवड्यातून चार दिवस एवढं झालं तरी हात राहतो. सरांकडे महिन्यातून दोनदा जाणं पुरेसं आहे. वर्षभर हात लागला नाही तर आधी तिरकिट गढूळ होतं, बोटं एकमेकांत अडकतात, चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, 'ना' हा बोल बोदा वाजतो. मे महिन्यात तेच मूल परत बसतं, आपलंच वाजवणं त्याला ऐकवत नाही आणि ते उठतं ते कायमचं. "सुट्टीत पुन्हा सुरू करू" असं म्हणणाऱ्या पालकांना हे दिसत नाही.

पंधरा दिवस वह्या अपुऱ्या राहिल्या, किंवा रविवारी मूल दुपारी बारापर्यंत उठेना, तर भार जास्त झालाय असं समजा. आधी हलका छंद काढा, मग ट्यूशनचं अंतर कमी होतंय का बघा. मुख्य छंदाला सगळ्यात शेवटी हात लावा.

पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तबला खोळीतच राहू दे, पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, चालू ठेवा. शाळेच्या रिक्षात मांडीवर टाळी द्यायची, तीनतालाच्या एक, पाच, तेरा या मात्रांना टाळी, नवव्या मात्रेला खाली (टाळी न देता हात बाजूला), आणि तोंडाने कायदा. त्याला ना वेगळा वेळ लागतो ना जागा, आणि गणिताच्या पेपरला जाताना मुलाचा श्वासही जागेवर येतो.