जुनं राहू दे, नवंही बघू

नवी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे जुनी पुसायची आणि नवी टाकायची, असा शूर लोकांचा खाक्या. त्यांचं काम चटकन उरकतं. हाल होतात ते आमच्यासारख्यांचे, ज्यांना लिनक्स ही विंडोजपेक्षा वेगळी सिस्टीम तर बघायचीय, पण विंडोजवरचा एक फोटोही इकडचा तिकडे व्हायला नकोय. भित्र्या माणसाला शूरापेक्षा दुप्पट अभ्यास करावा लागतो, हे मला पेन ड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, चढवताना कळलं.

तिथवर तसं सोपं असतं. त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा, 'ट्राय' निवडायचं. सगळा कारभार रॅममधून, म्हणजे बंद केलं की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीतून चालतो, डिस्कला हात लागत नाही. फक्त कंपनीचा लोगो दिसायच्या आत योग्य बटण दाबायचं. ते एफ २ असतं, एफ १२ असतं, एस्केप असतं किंवा डिलीट असतं. सुरक्षित मार्ग म्हणजे सगळीच बडवणं. आत शिरल्यावर मी हौसेने वॉलपेपर बदलला, मराठी कीबोर्ड लावला, आयकॉन मनासारखे मांडले. रिस्टार्ट केलं आणि सगळं साफ! काहीच बदलणार नाही असं वचन होतं, ते तंतोतंत पाळलं गेलं. तेच खुपलं.

मग ठरलं, दोन्ही एकाच डिस्कवर नांदवायच्या.

भटाला ओसरी द्यायची तर आधी ओसरी रिकामी हवी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबलं. डिस्कवर निम्मी जागा मोकळी, पण सोडायची तयारी चिमूटभर. मधोमध काही फाइली असतात, त्या जागच्या हलत नाहीत आणि त्यांच्या पुढची जागा सुटत नाही. शिवाय 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाऊन' म्हटलं तरी ही बया पुरती झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून पडून राहते. ते आधी बंद करायचं. त्यात बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की हाताशी हवी. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाचे आठ गट. ती की त्याच लॅपटॉपवरच्या फाइलीत जपून ठेवणाऱ्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. मी कागदावर उतरवली, आणि घरातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून तपासून घेतली. वाचणाऱ्याने मध्येच "हा लॉटरीचा नंबर आहे का?" असं विचारलं.

बॅकअप घेतलाच. मग त्या बॅकअपचाही घेतला. दुसरा उघडतो का, हे बघायला तोही उघडला.

आता इन्स्टॉलर. एक पर्याय म्हणतो, 'विंडोजच्या शेजारी बसवा.' दुसरा म्हणतो, 'डिस्क पुसून उबुंटू बसवा.' दोन्ही गोल बटणं एकाच आकाराची, एकाच रंगाची, मध्ये बोटभर अंतर. जन्मभराचे फोटो आणि मी, यांच्यात तेवढंच अंतर. मी माऊस सोडून आधी हात पुसले. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कुठला भाग वापरायचा ते, स्वतः निवडायला गेलात तर आणखी मजा. इतकी वर्षं 'सी' आणि 'डी' म्हणून ओळखीचे असलेले ड्राइव्ह इथे 'एनव्हीएमई शून्य एन एक पी तीन' अशा नावाने उभे असतात. चेहरा नाही, ओळख नाही. फक्त आकारावरून ओळखायचं, हा एवढ्या जीबीचा म्हणजे आपलाच असणार. 'असणार' या शब्दावर मी बराच वेळ थांबलो होतो.

आणि झालं की! दोन्ही जिवंत. फोटो होते तिथेच.

फक्त घड्याळावरून दोघींचं पटत नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. एकीकडून दुसरीकडे गेलं की वेळ काही तासांनी सरकलेली. लिनक्सला एक आज्ञा देऊन तिला स्थानिक वेळेवर आणलं. नवीन आलेल्यानेच जुळवून घ्यायचं, असा आपला न्याय.

आता लॅपटॉप सुरू केला की कुठली सिस्टीम हवी ते विचारणाऱ्या ग्रब नावाच्या प्रोग्रॅमची काळी यादी येते. दहा सेकंदांत निवडलं नाही तर वरची सिस्टीम, म्हणजे उबुंटू, आपोआप सुरू होते. परवा मी बाहेर असताना बायकोचा फोन आला.

"अहो, काळं काहीतरी आलंय. इंग्रजीत यादी आहे."

"खालचा बाण दाब, विंडोज लिहिलंय तिथे ये, मग एंटर."

"खालचा म्हणजे कुठला? इथे चार बाण आहेत."

"खाली तोंड असलेला."

"थांबा, चष्मा आणते."

"अगं, चष्मा नको, आधी बाण…"

"आणला. आता जांभळं आलंय. पासवर्ड मागतंय."