बंबाला दोनच चाके

जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांतल्या वात्रट चित्रमालिकांचा एक संग्रह मी हौसेने मागवला आणि तो आकाराने जेवणाच्या पाटाएवढा निघाला. पोटावर ठेवून वाचावा तर श्वास अडकतो, कुशीवर वळून वाचावा तर वरचे पान तोंडावर येते. म्हणून रविवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि तिथेच माझे चुकले, कारण समोर सासरे बसले होते. आमचे सासरे अग्निशमन दलात बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले, आणि मी नेमकी काढली होती बिल होलमनची ‘स्मोकी स्टोव्हर’, म्हणजे एका फायरमनचीच चित्रमालिका.

१९३५ साली सुरू झालेली ही मालिका होलमनने १९७३पर्यंत चालवली, पण एवढ्या वर्षांत तिच्यात एखादी आग विझली असेलच तर ती चुकून. तसबिरींतली माणसे चौकटीबाहेर पाय काढतात, ‘नोटरी सोजॅक’ अशा निरर्थक पाट्या कुठेही लटकतात आणि शेपटीला पट्टी बांधलेले एक मांजर मधूनमधून फिरून जाते.

“जावईबापू, बंबाला दोनच चाके?”

“ती फूमोबील आहे, आप्पा.”

“आणि पाण्याची टाकी?”

टाकीचा विषय टाळण्यासाठी मी स्मोकीच्या साहेबांकडे वळलो. त्यांचे नाव कॅश यू. नट, ते भरभर म्हटले की इंग्रजीतला काजू होतो, एवढे मी दोनदा म्हणून दाखवले. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतले. “आमच्याकडे साहेबाला काजू म्हटले असते तर मेमो मिळाला असता,” ते म्हणाले.

विनोद समजावून सांगणे म्हणजे पापड पाण्यात भिजवून वाढणे, हे कळत असूनही मी ‘फू’कडे वळलो. होलमन हा निरर्थक शब्द जागा दिसेल तिथे लिहीत असे आणि स्मोकी तर स्वतःला फायर फायटर न म्हणता ‘फू फायटर’ म्हणवून घेई. पुढे १९४४मध्ये युरोपच्या आकाशात रात्री विमानांचा पाठलाग करणारे गूढ दिवे दिसू लागले, तेव्हा अमेरिकी वैमानिकांनी त्यांना हेच नाव दिले. महायुद्धाच्या नावाने तरी आप्पांवर छाप पडेल, अशी माझी आशा होती.

“फू केल्याने आग विझत नाही, भडकते,” आप्पा म्हणाले. “चूल कशी पेटवतात?”

“फू बाई फू, फुगडी फू,” स्वयंपाकघरातून सासूबाई गुणगुणल्या आणि स्वतःच मनमुराद हसल्या. त्या दुपारी त्या पुस्तकावरून घरात कोणी हसले असेल तर ते एवढेच.

संध्याकाळी आप्पांनी पेन्सिल मागितली, तेव्हा शब्दकोडे सोडवत असतील असे मला वाटले. रात्री संग्रह त्यांच्या उशाशी सापडला. माझ्या महागड्या पुस्तकाच्या समासात त्यांच्या सरकारी अक्षरात शेरा होता : “ठाण्यात मांजर विनापरवाना. शेपटीच्या जखमेची नोंद नाही. खुलासा मागवावा.”