पायाळूच्या लाथेनं उसण जात नाही

दसरा काढायचे दिवस आले की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तिथून मावशीपर्यंत पोचला, आणि म्हणून हे लिहितो आहे. ‘साफसफाईत कंबर धरू नये म्हणून आजीबाईंचे पाच उपाय’. पट्टा बांधा आणि बिनधास्त वजन उचला. वजन गुडघ्यात वाकून उचला. उसण भरलीच तर पायाळू माणसाकडून कंबरेवर तीन लाथा मारून घ्या. गरम शेक द्या. मग आठ दिवस फळीवर पडून राहा. शेवटी ओळ: आपल्या आज्या हेच करायच्या, त्यांची कंबर कधी दुखली नाही.

मावशी ६४ वर्षांची. घटस्थापनेच्या आत घरातल्या सगळ्या वाकळा धुवायच्या, हा तिचा नेम. भिजलेली वाकळ दगडावरून उचलली, पिळायला म्हणून तशीच वळली आणि कंबरेत कळ आली. मेसेज वाचलेलाच होता. आळीतल्या पायाळू मुलाला बोलावलं, तिला पालथं झोपवलं आणि तीन लाथा झाल्या. त्या रात्री तिला कूस बदलता येईना. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर एक मणका दबलेला. हाडं ठिसूळ झालेली आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मणका वाकळ उचलताना दबला की लाथेनं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला त्यानं फरक पडत नाही. दबलेल्या मणक्यावर लाथ मारली गेली, एवढं पुरे आहे.

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस. त्याच्या जन्माचा दुसऱ्याच्या कंबरेशी संबंध कसा असेल? गुण आल्यासारखा वाटतो, कारण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच सैल होते. लाथ मारा, मारू नका, ती जाणारच असते. पण पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि मग वाकून काही उचलण्याच्या साध्या झटक्यानंही मणका दबू शकतो. बाहेरून ते उसणीसारखंच दिसतं. दोन्हींतला फरक लाथ मारणाऱ्या मुलाला कसा कळणार? कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवी अडली असेल, तर एक तासही घरगुती उपायांत घालवू नका, थेट दवाखाना गाठा. मेसेजमध्ये यातला एक शब्द नाही.

आता पट्टा. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेनं १६० नव्या दुकानांत माल हलवणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. ९,३७७ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि डिसेंबर २००० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापला: पट्टा रोज वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत कंबरदुखीच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दुकानानं पट्ट्याची सक्ती केली तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. रोज खोकी उचलणाऱ्या धडधाकट माणसांना जो पट्टा वाचवत नाही, तो बांधून मावशीनं ‘बिनधास्त’ काय उचलायचं? आणि याच संस्थेच्या हिशेबात सगळं अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर आणि न वळता उचलताना, मर्यादा २३ किलोची आहे. जमिनीवरून उचलून वळायचं असेल तर ती पुष्कळ खाली येते.

आठ दिवस फळीवर पडून राहणं तर उलटं आहे. साध्या उसणीत झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहणारा लवकर बरा होतो. शेक मात्र खरा, त्यानं आराम पडतो, तेवढं मान्य. गुडघ्यात वाकणंही चुकीचं नाही, पण झिजलेल्या गुडघ्यांची बाई उकिडवी बसेल कशी आणि हातात वजन घेऊन उठेल कशी?

आज्यांचं म्हणाल, तर माझी आजी शेवटची दहा वर्षं काटकोनात वाकून चालायची. गावात तशा आणखी चार-पाच होत्या. म्हातारपणी अशी पाठ वाकते त्यामागे पुष्कळदा दबलेले मणकेच असतात. त्यांची कंबर दुखत नव्हती असं नाही, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

खरं करायचं ते मेसेजमध्ये कुठेच नाही: वजनच कमी करा. सुती वाकळ भिजली की दुपटीहून जड होते, म्हणून ती दोघांनी दोन टोकांना धरून पिळायची आणि आधी दगडावर निथळू द्यायची. पिंप रिकामं करून हलवायचं. माळ्यावरचे डबे खाली एकानं झेलायचे. वळायचं तर पाय वळवायचे, कंबर नाही. उठल्या उठल्या वाकून फरशी घासायला बसायचं नाही, कारण रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. आणि एकाच बाईनं एका दिवसात सगळं घर काढायचं नाही. घरात माणसं असतात.

मावशीच्या सहा वाकळा अजून धुवायच्या राहिल्यात. घट बसायच्या आत होणार नाहीत म्हणून तिला चैन नाही. रविवारी आम्ही दोघं भाऊ जाऊन धुणार आहोत.