‘एका ओळीचे अडीच हजार’ या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. मग आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने भरलेला व्हिजिट रिपोर्ट आणि तुमच्या सर्व्हरचा लॉग (सर्व्हर स्वतः ठेवतो ती नोंद) शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचला. राग उतरला. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

इतरांना कळावं म्हणून तक्रार थोडक्यात सांगतो. साकीनाक्याच्या तुमच्या गाळ्यात आम्ही लिनक्सचा मेल सर्व्हर बसवलाय. जुलैत सोमवार ते शुक्रवार कोटेशनचे मेल पार्ट्यांना पोचले नाहीत. आम्ही म्हणालो इंटरनेटवाल्याला विचारा, तो म्हणाला सर्व्हरवाल्याला विचारा. शुक्रवारी मी स्वतः आलो, ‘एक ओळ बदलली’ आणि अडीच हजार अधिक जीएसटीचं बिल ठेवून गेलो. त्यानंतर अडकलेले मेल एकदम सुटले आणि एका पार्टीला नव्या दराच्या मागोमाग जुना दर पोचला. वर, ‘फुकटच्या लिनक्सवर लोकांना लुटतात’.

मॅडम, मी ओळ बदलली नाही, काढली. आणि ती ओळ आमचीच होती.

झालं असं. आधीच्या शनिवारी तुम्ही इंटरनेटची लाइन बदललीत. मेल नेटवरून छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. जुन्या लीज्ड लाइनवर एका वेळी १५०० बाइटचं पॅकेट जायचं. नवी लाइन पीपीपीओईची, म्हणजे नाव-पासवर्ड टाकून जोडायची. तिचं स्वतःचं वेष्टन ८ बाइट खातं, उरतात १४९२. आठ बाइटने काय बिघडतं असं वाटेल. एरवी काहीच बिघडत नाही, कारण मोठं पॅकेट आलं की राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडतो, ‘१४९२ च्या आत पाठव’. पाठवणारा पॅकेट लहान करतो, काम चालू. हा निरोप जातो आयसीएमपीने, म्हणजे पिंग (समोरचं मशीन जागं आहे का बघायची हाक) ज्या वाटेने जातं त्याच वाटेने.

आमच्या फायरवॉलच्या स्क्रिप्टमध्ये सगळं आयसीएमपी बंद करणारी ओळ होती. ते स्क्रिप्ट माझं, २००६ सालचं. तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात आम्हा पोरांना कुणीतरी शिकवलं होतं की पिंग बंद केलं की सर्व्हर कुणाला दिसत नाही आणि कुणी त्रास देत नाही. तेच पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चिकटवत गेलो. पुलाखाली उंच टेम्पो अडकायला लागला की हवालदार शिट्टी मारतो. आम्ही ड्रायव्हरच्या कानात बोळे घालून गाडी सोडली होती. राउटर ओरडत होता आणि तुमचा सर्व्हर तेच १५०० चं पॅकेट पुन्हा पुन्हा ढकलत होता. बरेच राउटर अशा वेळी जोडणी होतानाच पॅकेटचं माप स्वतःहून कमी करून देतात. तुम्हाला मिळालेला डबा ते करत नव्हता, पण त्याच्यावर ढकलून मी सुटत नाही.

आता टोलवाटोलवीबद्दल. मंगळवारी आमचा मुलगा आला (अंधेरी सबवे पाण्याखाली होता, म्हणून तीन वाजले. तुम्ही लिहिलेली वेळ बरोबर आहे). त्याने ‘टेस्ट’ एवढाच मजकूर टाकून मेल पाठवला, तो दोन सेकंदांत पोचला. त्याने लिहून टाकलं, ‘सर्व्हर ओके’. इंटरनेटवाल्याच्या माणसाने तुमच्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावली, आकडे फर्स्ट क्लास. त्याने लिहिलं, ‘लाइन ओके’. दोघांनीही जे बिघडलंच नव्हतं तेच तपासलं. हेडर धरून एका पॅकेटात मावणारा मेल जात होता. सहीखाली लोगो किंवा कोटेशनची पीडीएफ जोडली की अडकत होता. तुमच्या अकाउंट्सच्या ताई मुलाला त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘अहो, साधे जातात, फाइलवाले जात नाहीत.’ हे वाक्य रिपोर्टात आहे. पण ते ऐकून त्याने एक दहा एमबीची फाइल पाठवून पाहिली नाही. पाहिली असती तर मंगळवारीच विषय संपला असता. लॉग उघडला असता तरी चाललं असतं. तिथे पानभर एकच गोष्ट लिहिली होती, मेलचा मजकूर पाठवताना वेळ संपली, वेळ संपली. पोस्टफिक्स, म्हणजे सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्राम, तीन मिनिटं वाट बघतं आणि मग ते लिहितं.

शुक्रवारी मी माझ्या लॅपटॉपवरून, पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून, १४७२ बाइटचं पिंग मारलं. लगेच उत्तर आलं की एवढं जाणार नाही, मर्यादा १४९२. मग १४६४ चं मारलं, ते गेलं. (१४६४ मध्ये पॅकेटवरच्या पत्त्याचे, म्हणजे हेडरचे २८ मिळवा, बरोबर १४९२.) तेच सर्व्हरवरून मारलं तर मोठ्यालाही उत्तर नाही, छोट्यालाही नाही. त्याच केबलवर लॅपटॉपला ऐकू येतं आणि सर्व्हर ठार बहिरा. तिथे मला माझं स्क्रिप्ट आठवलं आणि तुमच्यासमोर ते बोलायची लाज वाटली. म्हणून ‘सेटिंग केलं’ एवढंच म्हणालो आणि बिल फाडलं. हे चुकलं.

बिल २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २,९५०. क्रेडिट नोट काढली आहे, पैसे तुमच्या खात्यावर काल गेले. मंगळवारच्या व्हिजिटचंही काही लागणार नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र त्या जुन्या दराने झालं, आणि ती चूक पाच सेकंदांची आहे. ओळ काढल्यावर रांगेत ६१ मेल दिसले. पोस्टफिक्स न गेलेला मेल फेकत नाही, पाच दिवस स्वतःजवळ ठेवून अधूनमधून प्रयत्न करत राहतं. त्यामुळे ‘मेल हरवले’ हे तेवढं बरोबर नाही. एकही हरवला नाही. पण शनिवार उजाडला असता तर सोमवारचे मेल परत यायला लागले असते. मी आनंदाच्या भरात सगळी रांग एका कमांडने सोडून दिली. यादी दाखवून तुम्हाला विचारायला हवं होतं की यातले कुठले अजून पाठवायचे आहेत. मधल्या दिवसांत तुम्ही गुरुवारी तुमच्या खासगी मेलवरून सुधारित दर पाठवलात, हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. मंगळवारचं कोटेशन शुक्रवारी संध्याकाळी पोचलं आणि पार्टीच्या इनबॉक्समध्ये सगळ्यात वर जाऊन बसलं. मेलच्या पोटात तारीख मंगळवारचीच आहे आणि लॉगमध्ये प्रत्येक प्रयत्नाची वेळ आहे. दोन्हींचा प्रिंट सहीशिक्क्यानिशी देतो, पार्टीला दाखवा. ते म्हणतील तर मी फोनवर समजावून सांगेन.

चार दिवस मेल अडकूनही तुमच्या माणसांना सूचना का आली नाही, हेही तुम्ही विचारलंय. पोस्टफिक्समध्ये उशीर झाल्याची सूचना मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. आम्ही केली नव्हती. आता चार तासांवर लावली आहे. मेल चार तासांत गेला नाही तर पाठवणाऱ्याला कळेल.

दोन गोष्टींवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लाइन बदलायच्या आधी आम्हाला एक फोन करायचा, हे एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर आहे. फोन आला असता तर सोमवारी सकाळी माणूस तिथे असता. आणि यात लिनक्सचा काही दोष नाही. तीच ओळ कुठल्याही महागड्या सर्व्हरवर टाकली असती तरी मेल असेच अडकले असते.

बाकीच्या गिऱ्हाइकांचे १४ सर्व्हर आम्ही गेल्या आठवड्यात उघडून पाहिले. पाच ठिकाणी तीच ओळ सापडली, ती काढली. त्यातल्या एकांनी तर पुढच्या महिन्यात लाइन बदलायचं ठरवलं होतं.

स्टार बदला असं म्हणत नाही. प्रिंट घेऊन मुलगा बुधवारी सकाळी येईल. अकाउंट्सच्या ताईंना सांगून ठेवा, त्याला त्यांच्याशीही बोलायचं आहे.