खुलासा : ‘संशयित देशात नसेल तर तपास नाही’ हे चूक
‘परदेशातल्या छळाचा तपास संशयित देशात असल्याशिवाय होत नाही, असा दक्षिण आफ्रिकेच्या कोर्टाचा निकाल आहे,’ असा मेसेज फिरतोय. ३० ऑक्टोबर २०१४ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं. मार्च २००७ मध्ये हरारेत विरोधी पक्षाच्या कार्यालयावर धाड पडली, त्यानंतरच्या छळाचं हे प्रकरण. संशयित अधिकारी झिम्बाब्वेचे. हजेरी खटल्याला लागते, तपासाला नाही. पोलिसांना नकार देता येतो तो दोनच कारणांनी : जिथे छळ झाला तो देश स्वतःच प्रामाणिकपणे तपास करतोय, किंवा तपास व्यवहार्यच नाही. शेजाऱ्याशी संबंध बिघडतील, ही (नेहमीची) सबब चालली नाही. संशयित दक्षिण आफ्रिकेचाच नागरिक असेल तर तिथल्या २००२ च्या कायदा क्र. २७ चं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार देशात लागू करणारा कायदा) कलम ४(३) नागरिकत्वावरूनच अधिकार देतं. आधीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.