गच्चीवर नको, अंगणात चालेल

मागच्या अंगणात बसवलेल्या आमच्या पोहण्याच्या पूलचे फोटो पाहून अनेकांनी चौकशी केली. त्यातल्या निम्म्या लोकांना तो गच्चीवर ठेवायचा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमचा पूल दहा फूट व्यासाचा, लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर जाड पीव्हीसी ताणून उभा राहणारा. त्यात दोन फूट पाणी भरले की सुमारे ४,४५० लिटर होते, म्हणजे जवळपास साडेचार टन वजन. दर चौरस मीटरला ते ६०० किलोंच्या वर जाते. आणि वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार साधारण १५० किलो आहे. विक्रेत्याने मला ‘स्लॅब मजबूत असेल तर बिनधास्त ठेवा’ असे सांगितले होते. स्लॅब किती मजबूत आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, पूल विकणारा नव्हे.

जमिनीवरही काम सरळ होत नाही. पहिल्यांदा पाणी भरले तेव्हा कुंपणाकडे ते काठापासून चार बोटे खाली होते आणि स्वयंपाकघराच्या बाजूला आठ बोटे. जमिनीचा उतार डोळ्यांना दिसला नव्हता, तो पाण्याने दाखवला. ओळखीच्या गवंड्याने पारदर्शक नळीने लेव्हल काढली आणि म्हणाला, ‘साहेब, खोलगट भागात भर घालू नका, ती दबते, चढाची बाजू तासा.’ दोन दिवस ते केले, वर बारीक चाळलेली वाळू आणि ताडपत्री अंथरली, तेव्हा कुठे पूल नीट बसला.

पाण्याच्या उधळपट्टीचा आक्षेप मला मान्य आहे. शहरी पुरवठ्याच्या माणशी रोज १३५ लिटर या निकषाने हे एका माणसाचे तेहतीस दिवसांचे पाणी होते, आणि खडकवासल्याच्या ज्या पाण्यावर पुणे जगते त्याच पाण्याची वाट दौंड-इंदापूरची शेतीही पाहत असते. दर आठवड्याला पूल रिकामा करणाऱ्यांचे म्हणूनच मला समर्थन करता येत नाही. फिल्टर रोज चालवला, क्लोरिन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७.२ ते ७.८ ठेवला, रात्री झाकण घातले, तर एकदा भरलेले पाणी थोडी भर घालत हंगामभर पुरते. हे सोडून दिले की आठवड्या-दीड आठवड्यात त्यातून डेंग्यूचे डास उडू लागतात. शेजारच्या काकूंची पहिली शंका तीच होती आणि ती रास्त होती.

लहान मुले असतील तर पोहणे संपताच शिडी काढून घरात ठेवावी. झाकणावर मात्र विसंबू नये, त्यावर पाऊल पडले तर ते मुलासकट आत जाते.

मे संपता संपता क्लोरिन टाकणे थांबवले, चार दिवस ऊन लागू दिले आणि ते पाणी बादली-बादलीने जास्वंद, कढीलिंब आणि आंब्याला घातले. पूल वाळवून, टाल्कम पावडर लावून, घडी करून माळ्यावर गेला आहे. एका पायाची रबरी टोपी तेवढी सापडत नाही.